मागीलप्रमाणे

डॉक्टर टिपणीस चिठ्ठी वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आले आणि माझ्या हातातली सुयांची डबी फरशीवर पडली. उकळून काढलेल्या सुया. आता पुन्हा स्टोव्ह पेटवा, पुन्हा पाणी ठेवा. दुसऱ्या कुणा पोरीच्या हातून पडली असती तर मी तिची चांगली खरडपट्टी काढली असती. पण पडली हेडनर्सच्या हातून, म्हणून वॉर्डात कुणी चकार शब्द काढला नाही. चिठ्ठी डोंगरातून आली होती. काठी गावाकडचा फुलसिंग नावाचा माणूस आपल्या बायकोला, रूपलीबाईला, आधी झोळीत, मग बैलगाडीत, मग तापीवर नावेत आणि शेवटी मोटारीत घालून नंदुरबारला घेऊन आला होता, आणि चिठ्ठी फेट्याच्या पदराला बांधून. "पार्वतीबाई, ऐका तर हा पोवाडा," डॉक्टर म्हणाले होते, आणि मोठ्यानं वाचायला लागले होते. "रूपलीबाई, वय अंदाजे वीस. बाळंत होऊन आज सहावा दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून थंडी वाजून ताप. काल सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी क्विनीनची एकेक गोळी दिली. उतार नाही म्हणून आज दिली नाही. नाडी एका मिनिटात एकशे अठरा, दोनदा मोजली. अंगावरून जाते त्याला घाण वास आहे. मूल चांगले आहे, मावशीच्या दुधावर ठेवले आहे." डॉक्टर तरुण, मुंबईचे शिकलेले, हे सगळं ते दीड ओळीत लिहितात आणि त्यातली अर्धी ओळ टिंबांची असते. हसले बिचारे. आणि मग शेवटची ओळ: "लांबण लागली, माफी असावी. थोडक्यात लिहिलेले एकदा माझ्या नजरेतून सुटले आणि माणूस गेला. तेव्हापासून सगळे पूर्ण लिहिते. कमली." डॉक्टरांनी विचारलं, "कोण हो ही कमली? सुईण की मास्तरीण?" मी खाली वाकून सुया गोळा करत होते. तशीच मी म्हटलं, "कुणास ठाऊक."

कुणास ठाऊक! अकरा वर्षं झाली, त्या पोरीचं नाव मी प्रत्येक नव्या पोरीला सांगत आले आणि आता म्हणे कुणास ठाऊक. जीभ झडत कशी नाही मेली. रूपलीबाईला खाट दिली, अंग पुसून घेतलं, सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या, फुलसिंगला ओसरीवर जागा दाखवली, सगळं हातांनी आपोआप केलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीचे हात आहेत, त्यांना माझी गरज लागत नाही. मी मात्र दिवसभर त्या एका ओळीत अडकून पडले. नजरेतून सुटले. काही सुटलं नव्हतं तिच्या नजरेतून. तिथं काही नव्हतंच सुटायला. हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि ती बिचारी तिकडं डोंगरात बसून त्या न सुटलेल्या अक्षरासाठी ओळीमागून ओळी लिहिते आहे.

लघुअक्षरांचा नाद मला कसा लागला ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी ब्राह्मणपुरी गावची. कापसाचं घर, बऱ्यापैकी खाऊनपिऊन. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, आणि सासरी मला बोलवायचं तर नाव सुद्धा कुणी घेईना; "ए, पाणी", "ए, शेण". भावानं धाडस केलं आणि धुळ्याला नर्सिंगला घातलं. तिथं पहिल्या महिन्यात मिशनच्या एका बाईंनी आम्हाला फळ्यावर लिहून दिलं: टी.डी.एस. म्हणजे दिवसातून तीनदा, एस.ओ.एस. म्हणजे लागलंच तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता, रेप. म्हणजे मागीलप्रमाणे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरच्या कुणालाही, अगदी आमच्या गावच्या पाटलाला सुद्धा वाचता येणार नाहीत अशी अक्षरं माझ्या हातात आली होती. मी त्या वेळी सुट्टीत घरी गेले आणि सरकीच्या पोत्यांवर खडूनं टी.डी.एस. लिहून आले. भाऊ म्हणाला, हे काय? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. एवढ्या लहान गोष्टीचा एवढा माज. नंदुरबारला एका शेटजींच्या या धर्मार्थ दवाखान्यात लागले तेव्हा वीस खाटा, एक डॉक्टर, मी आणि एक दाई. आमच्याकडची पद्धत अशी की सकाळच्या फेरीला टिपणीसांच्या आधीचे जुने डॉक्टर बोलत पुढं जायचे आणि मी मागून लिहीत जायची. ते वाक्य बोलत, मी तीन अक्षरं लिहायची. खाट सोडायच्या आत माझं लिहून झालेलं असायचं. "पार्वतीबाईंचा हात म्हणजे तारायंत्र," म्हणायचे ते, आणि मी दिवसभर त्याच्यावर जगायची. न लिहिलेलं सगळं डोक्यात राहायचं. डोकं मोठं होतं माझं. मला वाटायचं, कागदापेक्षा मोठं.

कमली आली ती चौतीस सालच्या उन्हाळ्यात. डोंगरातली, सतरा-अठरा वर्षांची, कुठल्याशा आश्रमाच्या शाळेत चार बुकं शिकलेली, हातावर गोंदण, आणि मराठी बोलताना प्रत्येक शब्द आधी तोंडात फिरवून बघायची. दाई नाक मुरडायची. मी म्हटलं, नाक मुरडू नका, पोरीचे हात बघा. खरंच, असे हात मी पाहिले नव्हते. तापातलं मूल रडत असायचं आणि हिनं मनगट धरलं की गप्प व्हायचं. मी तिला माझी मराठी शिकवली, थर्मामीटर शिकवलं, नाडी शिकवली आणि मोठ्या हौसेनं अक्षरं शिकवली. ती एकेक अक्षर रांगोळीसारखं जपून काढायची. एकदा मला म्हणाली, "बाई, एवढं छोटं लिहिलं तर पेशंटला काय होतंय ते कुठं राहतं?" मी म्हटलं, "डोक्यात राहतं, येडे." हसली. तिला वाटलं, माझ्यासारखं डोकं तिलाही येईल हळूहळू.

आश्विनात दिलवरसिंग आला. तिच्याच भागातला, बत्तीस वर्षांचा, झाडासारखा माणूस, पण पाय सुजलेले आणि दम एवढा की पडून राहता येईना. दोन उश्यांना टेकून बसायचा आणि छतातल्या चिमण्या मोजायचा. सोबत त्याची आई मोतीबाई. हृदय कमजोर, डॉक्टर म्हणाले, आणि डिजिटॅलिस सांगितलं. "पंधरा थेंब, दिवसातून तीनदा. चारच दिवस हं, पार्वतीबाई. हे औषध अंगात साठत जातं. आणि नाडी साठाच्या खाली आली की त्याच क्षणी बंद." मी लिहिलं: औषधाचं नाव, पंधरा, टी.डी.एस. संपलं. चार दिवस लिहिलं नाही, नाडीचं लिहिलं नाही. ते डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी खाली लिहिलं, रेप. तिसऱ्या दिवशी रेप. चौथ्या दिवशी धडगावकडं पटकी लागली म्हणून जुने डॉक्टर घोड्यावरून तिकडं गेले आणि इकडं हिवतापानं ओसऱ्या भरल्या. फरशीवर सुद्धा पाय ठेवायला जागा नाही. सकाळी मी कागदांची चळत घेऊन बसायची आणि रेप., रेप., रेप. अशी वरपासून खालपर्यंत पेन ओढत जायची. मागीलप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे, ते मागं वळून बघायला मला फुरसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटत नव्हती. औषध द्यायचं काम कमलीचं. दिल्यावर चौकटीत ती आपली खूण करायची.

सहाव्या दिवशी ती माझ्यामागं आली. "बाई, दिलवरसिंगची नाडी अठ्ठेचाळीस आहे. उलट्या होताहेत. आणि तो म्हणतो, भिंत पिवळी दिसते." मी एका मुलाला क्विनीन पाजत होते, ते थुंकत होतं, माझा पदर भिजला होता. मी म्हटलं, "त्याला सांग, भिंतीला चुना लावलाय, हळद नाही." आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. कमली हसली नाही. म्हणाली, "बाई, थेंब देऊ का?" मी म्हटलं, "कागदावर काय आहे?" "रेप." "मग मला कशाला विचारतेस? दे." ती गेली. मी तिच्याकडं पाहिलं सुद्धा नाही. भिंत पिवळी दिसते! धुळ्याला आम्हाला हे शिकवलं होतं हो. डिजिटॅलिस जास्त झालं की माणसाला सगळं पिवळं दिसतं, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्क मिळाले होते. ते तेव्हा आठवलं नाही. नवव्या दिवशी दुपारी मोतीबाईनं भाकरी मोडून त्याच्या हातात दिली, त्यानं पाण्यासाठी हात पुढं केला आणि तसाच कुशीवर कलंडला. आईला वाटलं, झोप लागली. तिनं त्याच्या हातातला घास काढून बाजूला ठेवला.

आता खरं ते पुढं आहे. आतापर्यंतची चूक होती. चूक माणसाकडून होते, वाईट असलं तरी होते. दुपारची वेळ, वॉर्ड निजलेला, मोतीबाई अंगणात आक्रोश करत होती आणि तिच्याजवळ कमली बसली होती. मी टेबलाशी कागद घेऊन बसले. पहिली ओळ पाहिली. पंधरा, टी.डी.एस., आणि पुढं कोरी जागा. दोन बोटं रुंद. चार दिवस, हे तेव्हा आठवलं, डॉक्टरांच्या आवाजासकट आठवलं. आणि मग माझ्या हातानं, त्याच दौतीतून, त्याच टाकानं, त्या जागेत लिहिलं: चार, तिरपी रेघ, सात. आमच्यात चार दिवस लिहायची ती खूण, सातांतले चार. किती वेळ लागला असेल? शिंकेला लागतो तेवढा. पूर्ण वाक्य लिहायची सवय असती तर तिथं घुसवायला जागाच मिळाली नसती. छोट्या अक्षरांभोवती कोरा कागद फार असतो, आणि त्यात मागाहून काहीही बसतं. शाई वाळेपर्यंत मी त्यावर फुंकर घातली. ती फुंकर मला अजून ओठांवर जाणवते, चहा निववताना सुद्धा.

दुसऱ्या दिवशी जुने डॉक्टर परतले. कागद पाहिला आणि लालबुंद झाले. "चार दिवस लिहिलंय! नऊ दिवस कुणी दिलं?" मी म्हटलं, "डोस कमली देत होती." खोटं नव्हतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं. खालचे रेप. माझ्याच हातचे होते, पण वर मुदत असली की रेप. त्या मुदतीपुरतंच, आणि मुदत मोजायची ती औषध देणाऱ्या पोरीनं, अशी आमच्याकडची रीत. कमलीला बोलावलं. तिनं कागद दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि माझ्याकडं पाहून, डॉक्टरांच्या समोर, अगदी हळू विचारलं, "बाई, हे इथं होतं?" मी म्हटलं, "होतं. तू नीट पाहिलं नाहीस." तिनं पुन्हा कागदाकडं पाहिलं. मला वाटलं होतं, भांडेल, रडेल, शपथा घेईल. त्याची मी तयारी ठेवली होती. तिनं मान खाली घातली. माझ्यावर तिचा एवढा भरवसा होता की तिनं स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं. डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी काढून टाकलं, मोतीबाईला सांगितलं की पोरीकडून औषध जास्त गेलं. डोंगराकडं जाणारी गाडी एकच होती, दिलवरसिंगला न्यायला आणलेली. कमली जायच्या आधी माझ्या पाया पडली, "माझं चुकलं, बाई" म्हणाली, आणि त्या गाडीच्या मागं चालत गेली.

कुणाला वाटेल, त्यानंतर मी झुरणीला लागले असेन. कसलं काय! जेवले, झोपले, बढती झाली. एक मात्र केलं. वॉर्डात कायदा केला: थेंब अक्षरी लिहायचे, दिवस अक्षरी लिहायचे, रेप. लिहायचं तर तीन दिवसांवर नाही, चौथ्या दिवशी सगळं पहिल्यापासून पुन्हा उतरवून काढायचं, आणि औषध देणाऱ्या पोरीला शंका आली तर तिनं हात आवरायचा, मग समोर डॉक्टर असो की मी. टिपणीस डॉक्टर त्याला थट्टेनं पार्वतीबाईंचा कायदा म्हणतात. चांगला कायदा आहे, त्यानं दोन-तीन जीव तरी वाचले असतील. पण नवी पोरगी आली की मी तिला तो कसा समजावून देत होते? "कमली नावाची एक मुलगी होती," असं सुरू करायची मी. "कागदावर चार दिवस स्वच्छ लिहिलेले होते, हिनं पाहिले नाहीत, आणि सोन्यासारखा माणूस गेला." अकरा वर्षं सांगितलं. इतकं सांगितलं की मधूनमधून मला स्वतःलाच ते खरं वाटायचं, आणि तशा दिवशी मला फार छान झोप लागायची. लाज वाटते हे बोलायला, पण तसं होतं.

रूपलीबाईचा ताप चौथ्या दिवशी उतरला. फुलसिंग ओसरीवर बसून दोऱ्या वळायचा. बोलका माणूस, माझ्याशी आपल्या मोडक्यातोडक्या अहिराणीत बोलायचा. त्या सकाळी खुशीत होता. म्हणाला, "कमलीबाई सांगे, तठे मन्ही बाई शे, तिना पाय धरजो. तिनीच माले सगळं शिकाडं." आणि खरंच वाकला. मी पाय मागं घेतले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "होळी आली ना रे? कमली येते का काठीला?" काठीची होळी म्हणजे त्या डोंगरातलं माणूस घरी राहत नाही. फुलसिंगनं मान हलवली. "ती नही येस. अकरा होळ्या व्हई गयात. तठे मोतीबाई येस ना, दिलवरसिंगनी माय. कमलीबाई सांगस, तिले तोंड कसं दखाडू? सगळा ढोल ऐकतस, ती घरमा बठी ऱ्हास." पळभर बोलला आणि पुन्हा दोरी वळायला लागला. मी आजवर समजत होते की मी तिची नोकरी घेतली. नोकरीचं काय, दुसरी मिळते. मी तिचं माणसांत जाणं घेतलं होतं. होळीला बारा दिवस होते, आणि मला एकदम वाटलं की ही बारावी होळी गेली तर मी मेल्यावर सुद्धा सुटणार नाही.

मी त्याला सांगितलं. तिथंच, उन्हात, दोरीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं असताना. त्यानं सगळं ऐकलं. हात थांबले. मग त्यानं पहिल्यांदा आत खाटेकडं, आपल्या बायकोकडं पाहिलं, आणि मला कळलं तो काय विचार करतोय. तिलाही गोळ्या मीच देत होते. त्यानंतरचे चार दिवस तो प्रत्येक गोळीला खाटेशी येऊन उभा राहिला. मला राग आला नाही. मी म्हटलं, "फुलसिंग, एवढं कमलीला सांगशील?" तो म्हणाला, "मन्हा तोंडे नको, बाई. ती सांगी, बाई मन्हं मन राखी ऱ्हायनी. तुम्हीच जाईसन सांगा." बरोबर होतं त्याचं; त्याच्या तोंडून ऐकलं असतं तर तिला वाटलं असतं, मी तिची नुसती समजूत काढते आहे. मी मागच्या खोलीत जुन्या कागदांचे गठ्ठे शोधले, निदान तो कागद तरी हातात असावा म्हणून. पण लढाईच्या वर्षांत कागदाची टंचाई झाली तेव्हा सगळे रद्दीत गेले होते. टिपणीस डॉक्टरांना सगळं सांगून रजा मागितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आता इतक्या वर्षांनी कुणाचं काय भलं होणार, पार्वतीबाई?" मी म्हटलं, "रजा द्या." रूपलीबाई उठून बसायला लागली, आणि त्या दोघांच्या सोबतीनं मी निघाले. मोटार, नाव, बैलगाडी, आणि शेवटचे तीन कोस पायी. बावन्न वर्षांची बाई मी, दर चढावाला बसत होते. सगळ्या वाटेत एकच वाक्य घोटत होते. कमीत कमी शब्दांत, स्पष्ट, मध्ये रडू न येता बोलता येईल असं.

कमलीचं घर उतारावर. अंगणात मोहाखाली चार बायका मुलं घेऊन बसलेल्या, आणि ती एकीच्या मुलाचं मनगट धरून ओठांनी मोजत होती. कानाजवळचे केस पांढरे झालेले. तिशी सुद्धा पुरती उलटली नसेल. मला पाहिलं तर मोजणं पूर्ण करूनच उठली. पाया पडली, पाणी दिलं, खाट टाकली, आणि कौतुकानं आपली वही दाखवायला लागली. पानंच्या पानं, प्रत्येक माणसाचं नाव, गाव, काय दिलं, किती दिलं, कधीपर्यंत द्यायचं. मला पुढं बघवेना. मी माझं वाक्य बोलून टाकलं: ते चार दिवस कागदावर नव्हतेच, मागाहून मी लिहिले, चूक माझी होती. तिनं ऐकलं आणि, देवा रे, ती हसली. समजूतदार, मोठ्या माणसासारखं. "बाई, असं नका बोलू. एवढ्या लांब माझ्यासाठी आलात तेच खूप. पण मी स्वतः पाहिलं होतं. तिथं होतं ते." मी म्हटलं, "नव्हतं गं!" ती माझा हात थोपटत म्हणाली, "मी पाहिलं होतं, बाई." कुणी मला चपलेनं मारलं असतं तर सोसलं असतं, ते थोपटणं सोसवेना. मी तिची वही ओढली, पेन्सिल घेतली, आणि कोऱ्या पानावर तशीच्या तशी ओळ लिहिली. औषधाचं नाव, पंधरा, टी.डी.एस. खाली आठ वेळा रेप. तिच्यासमोर धरलं. "हे तू पाहत होतीस. रोज, नऊ दिवस. आठव." ती पाहत राहिली. मग मी तिच्या डोळ्यांदेखत त्या कोऱ्या जागेत लिहिलं: चार, तिरपी रेघ, सात. "आणि हे मी लिहिलं. तो गेल्यावर. तू अंगणात मोतीबाईजवळ बसली होतीस तेव्हा."

तिनं अंगठ्यानं तो आकडा झाकला. मग अंगठा काढला. पुन्हा झाकला. असं किती वेळ केलं कोण जाणे; मुलं रडत होती, बायका आमच्याकडं बघत होत्या. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं." मी म्हटलं, "हो." "डॉक्टरांच्या समोर विचारलं होतं." "हो, कमली." माझी अपेक्षा होती की ती आता शिव्या देईल, आणि मला शिव्या हव्या होत्या. तिनं वही मिटली. उरलेली दोन मुलं शांतपणे तपासली, कुणाला काय द्यायचं ते सांगितलं, हात धुतले. मी खाटेवर बसून होते, मला कुणी उठवलंही नाही. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चला," म्हणाली. मी विचारलं, "कुठं?" "मोतीबाईकडं."

पाऊण कोस असेल. ती पुढं, मी मागं. मोतीबाई अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं हातानं पसरत होती. खूप म्हातारी झालेली, पाठ वाकलेली. कमली अंगणाच्या कडेला थांबली. अकरा वर्षांत तिनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं, हे तिच्या थांबण्यावरूनच कळत होतं. म्हातारीनं वर पाहिलं, डोळे बारीक केले, आणि ओळखल्यावर हातातली फुलं तशीच धरून बसली. कमली त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, माझ्याकडं बोट करून. त्यातलं मला फक्त दिलवरसिंगचं नाव कळलं. मग ती माझ्याकडं वळली. "यांना मराठी येत नाही. तुम्ही बोला, मी सांगत जाईन." मी वाटेत घोटलेलं तेच वाक्य थोडं फिरवून काढलं. "मोतीबाई, तुमच्या मुलाच्या बाबतीत चूक माझी होती, कमलीची नव्हती."

कमलीनं ते म्हातारीला सांगितलं नाही. म्हातारी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "सांग ना त्यांना."

"एवढंच नाही, बाई," कमली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगा."

मोतीबाईनं फुलं हातानं बाजूला सारून जागा केली. मी जमिनीवर बसले. "आश्विन होता," मी म्हणाले, "सकाळची फेरी चालली होती, आणि तो दोन उश्यांना टेकून बसला होता." कमली त्यांच्या बोलीत सांगू लागली, आणि ती थांबेपर्यंत मी पुढचं वाक्य बोलले नाही.